पन्हळीतल्या मोकळ्या जागेचे कूळ

बोईसरच्या एमआयडीसीत कुठल्याही जुन्या शेडमध्ये मान वर केली की छताखालून धावणारे केबल ट्रे दिसतात. मूळ आराखड्यात ते अर्धेअधिक मोकळे असतात. मग एक मशीन वाढते, एक चिलर येतो, कुणी सीसीटीव्हीची वायर त्याच वाटेने नेतो. बंद पडलेल्या रिअ‍ॅक्टरची साडेतीन कोरची केबल काढायला कुणाला सवड नसते, म्हणून ती तशीच पडून राहते. पाचसात वर्षांत ट्रेला डोंगर येतो आणि ट्रंकिंगचे झाकण दोरीने बांधावे लागते. कंत्राटदाराला विचारले तर तो म्हणतो, "अजून एक जाईल की, साहेब." जाईलही. पण ती मोकळी जागा पुढच्या केबलसाठी राखून ठेवलेली असते हा समज अर्धाच खरा आहे. तिचे कूळ शोधायला निघालो तर वाट आगीच्या विम्यापाशी जाते.

१८८२ साली लंडनच्या फिनिक्स फायर ऑफिस या विमा कंपनीचे अभियंता मसग्रेव्ह हीफी यांनी विजेच्या दिव्यांसाठी नियम लिहिले. त्याच वर्षी तिथल्या तार-अभियंत्यांच्या संस्थेनेही आपले नियम काढले, आणि त्यांच्या मथळ्यातच आगीचा धोका होता. शॉक लागून माणूस मरेल ही काळजी तेव्हा दुय्यम होती. गिरणी जळेल आणि भरपाई द्यावी लागेल ही पहिली. अमेरिकेतही तसेच. तिथला राष्ट्रीय विद्युत संकेत १८९७ मध्ये आला, तो विमेवाल्यांच्याच पुढाकाराने.

तेव्हाची तारांची पन्हळ लाकडी होती. पट्टीत दोन खाचा, प्रत्येक खाचेत एक तार, वरून खिळ्यांनी ठोकलेली झाकणपट्टी. आपल्याकडे सागवानी केसिंग-कॅपिंग म्हणून ती मुंबईच्या चाळींत पुढे कितीतरी वर्षे टिकली. फेज एका खाचेत, न्यूट्रल दुसरीत. दोघांना एका खाचेत कोंबायचे नाही, हा शिरस्ता पन्हळीच्या मापाचा पहिला नियम म्हणायला हरकत नाही.

मात्र बंद लाकडात तार किती तापते, हे आकड्यांत कुणी मोजले नव्हते. ते मोजणारा माणूस मुंबईत जन्मलेला निघावा, हा योग मला फार आवडतो. आर्थर केनेली यांचा जन्म १७ डिसेंबर १८६१ चा, कुलाब्याचा. वडील नौदलातले आयरिश अधिकारी. केनेली १८८७ मध्ये अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत रुजू झाले आणि १८८९ च्या सुमारास त्यांनी वेगवेगळ्या जाडीच्या तारा तापवून पाहिल्या: काही उघड्या, हवेत टांगलेल्या, काही लाकडी केसिंगमध्ये बंद. एकाच जाडीची तार, एकच प्रवाह, पण झाकण बसले की तापमानाची गोष्ट बदलते. पुढे अमेरिकी संकेतात तारेच्या प्रवाहक्षमतेचे तक्ते आले, त्यांच्या मुळाशी हे प्रयोग आहेत. वातावरणातल्या रेडिओलहरी परतवणाऱ्या थराला केनेलींचे नाव आहे म्हणून भौतिकशास्त्रवाले त्यांना ओळखतात. वायरमनला ते माहीत असायला हवेत असे मला त्याहून जास्त वाटते.

लाकूड दमट हवेत फुगते, ओल धरते, आग लागली तर स्वतःच जळण होते. लोखंडी नळी आली आणि प्रश्नाचे रूप बदलले, कारण नळीत तार ठेवता येत नाही, खेचावी लागते. खेचताना वळणावर वेष्टन सोलले तर आत न दिसणारी जखम राहते. अमेरिकी संकेतातले आजचे टक्के इथून आले आहेत: नळीत एकच तार असेल तर छेदाच्या ५३ टक्के, दोन असतील तर ३१, तीन किंवा जास्त असतील तर ४०. दोन तारांना तिघींपेक्षा कमी जागा, हे पाहून पुष्कळ जण छापण्याची चूक समजतात. चूक नाही. दोन सारख्या गोल तारा शेजारी आल्या की नळीत आडव्या अडतात. गोल नळीत त्यांनी काहीही केले तरी निम्म्याहून जास्त छेद त्यांना भरताच येत नाही. म्हणजे हे टक्के हाताचे आहेत, ओढणाऱ्याच्या हाताचे. उष्णतेचा हिशेब त्यांच्यात मुळीच नाही, तो वेगळ्या तक्त्यात असतो. माझ्या मते या विषयातला सगळा गोंधळ दोन तक्त्यांपैकी एकच वाचण्यातून झाला आहे.

पत्र्याच्या ट्रंकिंगला झाकण असते, तारा वरून ठेवता येतात, म्हणून तिथले आकडे निराळे. ब्रिटिश रिवाज ४५ टक्क्यांचा. अमेरिकी संकेत पत्र्याच्या पन्हळीला आणि पॅनेलच्या डोक्यावरच्या जोडपन्हळीला २० टक्केच देतो. ५० बाय ५० मिमीची ट्रंकिंग घ्या, छेद २५०० चौरस मिमी. अडीच चौरस मिमीची तार वेष्टनासकट साधारण ४ मिमी जाड, म्हणजे छेद सुमारे १२.६ चौरस मिमी. ब्रिटिश हिशेबाने ८९ तारा बसतात, अमेरिकी हिशेबाने ३९. एकाच पन्हळीत दुपटीहून जास्त फरक!

आता दुसरा तक्ता उघडू. आपले वायरिंगचे मानक आयएस ७३२ त्याच्या २०१९ च्या आवृत्तीत आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या वळणावर आले. त्या वळणाने, तांब्याची अडीचची पीव्हीसी तार ट्रंकिंगमध्ये एकटे सर्किट म्हणून ३० अंशांत २४ अँपिअर झेपवते. बोईसरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ४० अंश धरा, गुणक ०.८७. सोबत आठ सर्किटे आणखी आली, एकूण नऊ, तर गुणक ०.५०. उरले साडेदहा अँपिअरच्याही किंचित आत. नऊ सर्किटांच्या अठरा तारांनी त्या पन्हळीचा फक्त ९ टक्के छेद भरला आहे, आणि पॅनेलमध्ये प्रत्येकीवर १६ अँपिअरचा एमसीबी बसला आहे. सगळ्यांवर एकदम १५ अँपिअर चालले तर एकही एमसीबी ट्रिप होणार नाही. पीव्हीसी मात्र आतल्या आत कडक होत, तडकत जाईल. अमेरिकी नियम इथे सैल आहे: २० टक्क्यांच्या आत असाल आणि भारवाही तारा तीसपर्यंत असतील तर गर्दीची घट धरावीच लागत नाही. मी आपल्या तक्त्याच्या बाजूने आहे. आपल्या शेडची हवा त्यांच्या हवेसारखी नाही, आणि मशीन चोवीस तास चालवायची आपल्याला सवय आहे.

हे दोन्ही रिवाज बोईसरजवळच्या तारापूरला शेजारी येऊन बसले. देशभर वायरिंगची शिस्त ब्रिटिश घडणीची. पण तारापूर अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांचा करार १९६४ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकशी झाला, बांधकाम बेक्टेलने केले, आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये केंद्र व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. वीजकेंद्रात केबल नळीत मावतच नाहीत. तिथे ट्रेचे रान असते. त्या गर्दीचा हिशेब बसवायला १९७१ उजाडले. कॅलिफोर्नियातल्या वीज कंपनीचे जॉन स्टॉल्पी यांनी मांडले की ट्रेमध्ये केबल कशाही पडलेल्या असतात. म्हणून प्रत्येकीची जागा शोधू नका, सगळा थर सारखा तापतो असे धरा आणि थराची उंची मोजा. म्हणजे डोंगर जितका उंच, तितकी प्रत्येक केबलची कुवत कमी.

चारच वर्षांनी, २२ मार्च १९७५ रोजी, अलाबामातल्या ब्राउन्स फेरी केंद्रात भिंतीतून केबल जिथे आरपार जातात तिथली हवेची गळती एक कामगार मेणबत्तीच्या ज्योतीने तपासत होता. तिथे भरलेल्या फोमने पेट घेतला. आग सुमारे सात तास चालली आणि १६०० हून जास्त केबल जळाल्या. अणुभट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्याच, तारापूरसारख्या उकळत्या पाण्याच्या. सुरक्षेच्या दोन वेगळ्या यंत्रणांच्या केबल शेजारून गेल्या होत्या, हे तिथले खरे दुखणे. आपल्याला तो धडा उत्तर प्रदेशात नरोराला मिळाला. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन आणि तेल पेटले, आग केबलच्या वाटेने पसरली, एका पुरवठ्याची आणि त्याच्या राखीव पुरवठ्याची केबल दोन्ही गेल्या, आणि केंद्र सुमारे सतरा तास विजेविना राहिले. त्यानंतर देशातल्या केंद्रांत केबलच्या वाटा वेगळ्या करणे आणि मध्ये अग्निरोधक अडसर घालणे ही कामे निघाली. तारापूरच्या जुन्या जोडीतही २००६ च्या सुमारास नवी आपत्कालीन डिझेल जनित्रे बसली आणि सामायिक यंत्रणांची विभागणी झाली.

म्हणजे मोकळ्या जागेला तिसरा अर्थ आला. पहिला ओढायला, दुसरा थंड राहायला, तिसरा एकीची आग दुसरीला लागू नये म्हणून. बोईसरच्या छोट्या कारखान्यात तिसरा कुणी विचारत नाही, पण तिथे एक चौथे कारण आहे, ते कुठल्याच तक्त्यात नाही: समुद्राची खारी हवा आणि आम्लाची वाफ. जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) ट्रे भोकांच्या कडांपासून गंजायला लागतो. तो केबलखाली झाकला गेला असेल तर गंज दिसायच्या आत ट्रे वाकतो. म्हणून रासायनिक कारखान्यांत एफआरपीचे (काचतंतू घातलेल्या प्लॅस्टिकचे) ट्रे वापरतात. ते गंजत नाहीत. मात्र भरगच्च ट्रेमध्ये पीव्हीसी जळू लागले की हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघतो, तो ट्रे कसलाही असो.

चांगले कंत्राटदार आता निविदेत नव्या केबलच्या मीटरमागच्या दरासोबत मेलेल्या केबल काढण्याचा दरही लिहितात. तांब्याच्या भंगाराचा भाव पाहता तो दर मालकाला फारसा जड जात नाही. अडचण वेगळीच असते: कुठली मेलेली आणि कुठली जिवंत, हे सांगणारे फेरुल तोवर गळून गेलेले असतात, आणि टेस्टर घेऊन एकेक केबल शोधायला शटडाऊन कुणी देत नाही.