पाद्र्यांवाचून राहिलेली ख्रिस्तसभा



जुबिलीच्या पुस्तिकेत धर्मगुरूने काय लिहावे, याचा प्रघात ठरून गेलेला आहे. पाया केव्हा घातला, घंटा कोणी दिली, कोणकोणते पाद्री येऊन गेले, यांची यादी द्यावी आणि परमेश्वराचे आभार मानावे. ती यादी या पुस्तिकेत अन्यत्र आहेच. मला मात्र अशा भाविकांची हकीकत सांगावयाची आहे, की ज्यांच्यापाशी पाद्री नव्हते, किंवा असून नसल्यासारखे होते.

पनवेलहून अलिबागच्या वाटेने दक्षिणेस गेले, म्हणजे कुंडलिकेच्या मुखाशी एका तीरास रेवदंडा व दुसऱ्या तीरास कोर्लई लागते. रेवदंड्याच्या कोटात फ्रान्सिस्कन पंथीयांच्या मठाचा उंच मनोरा पडक्या स्थितीत अजून उभा आहे. लोक त्यास सातखणी म्हणतात. समोरचा डोंगर पोर्तुगीजांनी १५९४ साली अहमदनगरच्या निजामशाहीकडून जिंकून घेतला. पुढे १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि १७४० साली चौल व कोर्लईही मराठ्यांच्या स्वाधीन झाली. ज्यांच्यापाशी गलबते, पैका व नातीगोती होती, ते फिरंगी सरदार आणि सावकार गोव्यास निघून गेले. शेतावर, मिठागरांत व होड्यांवर राबणारा गरीब ख्रिस्ती जागच्या जागी राहिला. वसईच्या तहात मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेस स्वधर्माने वागण्याची मुभा होती, हेही न्यायाने नमूद केले पाहिजे. या लोकांवर खरी आपत्ती ओढवली ती तलवारीने नव्हे. देवळे ओस पडली आणि मिस्सा म्हणणारा कोणी उरला नाही, ही ती आपत्ती होय.

त्यातच पोर्तुगालच्या राजसत्तेने १७५९ साली येशूसंघीयांस आपल्या मुलखातून हाकून दिले, आणि १८३४ नंतर इतर पंथांचे मठही बंद केले. जे थोडे पाद्री होते, त्यांच्यात तंटा. मुंबईत इंग्रजांनी १७२० साली पोर्तुगीज पाद्र्यांस काढून रोमने नेमलेल्या कार्मेलाइट धर्मगुरूंस बोलाविले. तेव्हापासून पाद्रोआद व प्रोपगांदा असे दोन पक्ष पडले. १७९४ साली मुंबईची देवळेच दोघांत वाटली गेली. भांडण पाद्र्यांचे आणि भोग रयतेचे! १८८६ च्या करारानेही ते समूळ मिटले नाही. सेमिनरीत आम्ही हा भाग परीक्षेपुरता पाठ करीत असू; आता तो वाचताना ओशाळल्यासारखे होते.

तरीही कोर्लईचे भाविक राहिले. पोर्तुगीज सत्ता गेल्याला पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली, पण त्या गावातील ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजपासून निपजलेली एक निराळीच बोली आजही ऐकू येते. तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे आमची भाषा, असे म्हणतात. शेजारी मराठी, बाजार मराठी, आणि चुलीची भाषा मात्र ही. ती कोणा पंडिताने राखलेली नाही, आयांनी राखिली. आपल्या वसई-ठाण्याच्या गावांत क्रूसापुढे लादीन म्हणण्याची चाल आहे, तिलाही पाद्री लागत नाही. आणि फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चे पाहा. ते मराठी ओवीबद्ध पुराण १६१६ साली प्रसिद्ध झाले. पुढे १६८४ साली गोव्याच्या सरकारने लोकभाषांवर बंदी घातली. जुन्या छापील प्रतींपैकी एकही हाती लागत नाही. १९०७ साली मंगळुरास ते पुन्हा छापले गेले, ते भाविकांच्या हस्तलिखितांच्या आधारावर.

याहून मोठा दाखला जपानचा, आणि त्याचेही एक टोक आपल्या वसईतच आहे. संत गोन्सालो गार्सिया याची आई कोकणची व पिता पोर्तुगीज. लहानपणीच तो येशूसंघीयांबरोबर जपानला गेला, तेथली भाषा उत्तम शिकला, मध्यंतरी मकाव येथे व्यापारही केला, आणि मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाला. १५९३ साली राजदूतांचा दुभाषी म्हणून तो हिदेयोशीपुढे उभा राहिला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांस क्रूसावर दिले, त्यांत तो होता. त्या सव्वीसांपैकी सतरा जण जपानी प्रापंचिक होते, हे मात्र आपण विसरतो. १८६२ साली पोप नववे पायस यांनी सर्वांस संतपद दिले.

१६१४ साली जपानात ख्रिस्ती धर्मावर सर्वत्र बंदी आली आणि कालांतराने तेथे एकही पाद्री उरला नाही. मग गावोगाव एक जण बाप्तिस्मा देण्यास व एक जण सणवारांचे पंचांग सांभाळण्यास नेमला गेला. बुद्धधर्मीयांच्या कान्नोन मूर्तीच्या रूपाने पवित्र मरियेची भक्ती चाले. सात पिढ्यांनंतर पाद्री परत येतील, असे बास्त्यान नावाचा एक धर्मशिक्षक सांगून गेला, अशी त्यांची परंपरा आहे. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या नव्या ओउरा देवळात उराकामीची काही माणसे आली आणि फादर पतीजां यांच्याशी हळूच बोलली, की तुमचे व आमचे हृदय एकच आहे. मरियेची मूर्ती कोठे आहे? पाद्र्याने जपान शोधले नाही, जपानने पाद्र्यास शोधून काढले! त्यानंतरही तीन हजारांहून अधिक उराकामीकरांस हद्दपारी भोगावी लागली. १८७३ साली बंदी उठली.

आणखी एक धागा. अहमदनगर जिल्ह्यात १९०३ साली फादर हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीयाने ‘निरोप्या’ मासिक काढले. ते पुढे पुण्याचे बिशप झाले. पहिल्या महायुद्धात येथील जर्मन धर्मगुरू नजरकैदेत पडले व नंतर मायदेशी धाडले गेले. कळप पुन्हा पोरका झाला. डोरिंगसाहेबांस रोमने जपानात हिरोशिमास पाठविले, आणि १९२७ साली ते पुण्यास परत आले. वसईहून नागासाकी, नगरहून हिरोशिमा! ‘निरोप्या’ने शंभरी ओलांडली आहे.

आता आपल्या घरची गोष्ट. २०२० सालच्या महामारीत देवळे बंद झाली आणि ईस्टरचा मिस्सा मी रिकाम्या बाकांपुढे म्हटला. त्याच दिवसांत एक वृद्ध भाविक आपल्या घरी वारले. मला तेथवर पोहोचता आले नाही. त्यांच्या नातीने आजीचे जुने प्रार्थनापुस्तक काढून मरणाऱ्यासाठीच्या प्रार्थना मोठ्याने वाचल्या, आणि शेजारी दाराबाहेर उभे राहून ‘आमेन’ म्हणत होते. पुढे मृत्यूच्या नोंदवहीत लिहिताना अंतिम संस्कार देणाऱ्याच्या रकान्यापाशी माझा हात थांबला. रकाना मी कोराच ठेविला, आणि शेऱ्यात लिहिले : धर्मगुरू हजर नव्हते, प्रार्थना नातीने म्हटल्या.