‘काउबॉय’ म्हणजे कृष्णा
आदिलाबादच्या आठवणींतला ‘काउबॉय’ म्हणजे तेलुगू नट घट्टमनेनी कृष्णा. के. एस. आर. दास दिग्दर्शित ‘मोसगाळ्ळकु मोसगाडु’ (१९७१, अर्थ : ठकास महाठक) हा भारतातला पहिला काउबॉयपट मानतात. लेखक आरुद्रांपुढे क्लिंट ईस्टवुडच्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’सारख्या चित्रपटांचा नमुना होता. ईस्टवुडचा तो नायक अबोल, एकटा. टोपी, घोडा आणि रोखलेली नजर यांना दुभाषा लागत नाही. पैनगंगेकाठच्या मराठी-तेलुगू मुलखात असा काउबॉय आपला वाटावा, यात मला नवल वाटत नाही. कृष्णा आणि ईस्टवुड, दोघांचाही वाढदिवस ३१ मे. २०२३ साली त्याच दिवशी ‘मोसगाळ्ळकु मोसगाडु’ पुन्हा झळकला. कृष्णा गेल्यानंतरचा तो पहिलाच वाढदिवस. – संपा.