ओबरहोलाब्रुनचे बारा मुलगे

एखादें मूल संतापाच्या भरांत भांडीं फेकूं लागलें, धाकट्या भावास चावूं लागलें, म्हणजे आमच्या घरांतून बहुधा दोनच उपाय सुचतात : एक छडी आणि दुसरा दृष्ट काढणें. व्हिएन्नाचे शिक्षक ऑगस्ट आइकहॉर्न यांनीं पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस केलेला प्रयोग म्हणूनच आम्हांस लक्षांत घेण्याजोगा वाटतो.

१९१८ सालीं ओबरहोलाब्रुन येथें निर्वासितांच्या जुन्या बराकींत वाट चुकलेल्या मुलांकरितां एक संस्था निघाली. तिचे चालक आइकहॉर्न. मुलांचे गट पाडतां पाडतां शेवटीं बारा मुलगे असे उरले कीं, त्यांस कोणताही गट आपल्यांत घेईना. चौकशीअंतीं दिसलें तें हें : घरीं कडाक्याचीं भांडणें, निर्दय मारहाण आणि मायेचा दुष्काळ. मार खाऊन कोडगे झालेल्यांस आणखी मारून काय मिळणार? आइकहॉर्न यांनीं त्यांस स्वतःकडे घेतलें व शिक्षिकांस बजावलें कीं, यांच्याशीं प्रेमानें वागा. इजेचें भय असल्याखेरीज मध्यें पडूं नका.

मग जें झालें तें वाचतांना आमचाही धीर सुटला. मुलांनीं टेबलें मोडलीं, दारें-खिडक्या फोडल्या; जो तो आपलें ताट घेऊन कोपऱ्यांत उकिडवा बसून अन्न गिळूं लागला. शिक्षिका थकून गेल्या. एकदां तर आइकहॉर्न यांच्या देखत एकानें पाव कापण्याची सुरी दुसऱ्याच्या गळ्याशीं नेली. ते जागचे हलले नाहींत. हा राग आपणांस दाखविण्यापुरता आहे, हें त्यांनीं ओळखलें होतें. (आमच्यानें हें झालें नसतें, हें कबूल केलें पाहिजे.) कोणी अडवीत नाहीं असें पाहून मुलानें सुरी जमिनीवर फेकली, पाय आपटले आणि तो ओक्साबोक्शी रडूं लागला. हळूहळू इतरांचेंही तसेंच झालें, व गट निवळला. १९२५ सालच्या त्यांच्या ग्रंथास फ्रॉइडनें प्रस्तावना लिहिली.

मात्र यावरून मुलांस मोकाट सोडावें असा अर्थ काढणारे चुकतील. आइकहॉर्न यांचे शिष्य फ्रिट्स रेडल १९३६ सालीं अमेरिकेस गेले. डेट्रॉइट येथें १९४६ सालीं डेव्हिड वाइनमन यांच्यासह अशाच मुलांसाठीं चालविलेल्या घरांत त्यांस आढळलें कीं, कित्येकांस आपला आवेग आवरण्याची शक्तीच नसते. मोकळीक दिल्यानें त्यांचा राग ओसरत नाहीं, उलट भडकतो. अशा वेळीं मुलास घट्ट धरून ठेवावें, पण धरणाऱ्यानें स्वतः रागावूं नये. छडी उगारण्याहून हें कितीतरी कठीण! मुलें थोडीं माणसाळूं लागलीं होतीं, तोंच पैसा अपुरा पडला आणि १९४८ सालीं तें घर बंद करावें लागलें.