माराकानाचा पराभव

१६ जुलै १९५० रोजी रिओच्या माराकाना मैदानावर सुमारे दोन लाख माणसे जमली होती. विश्वचषकासाठी ब्राझीलला बरोबरीही पुरेशी होती. पहिला गोलही त्यांचाच. पण उरुग्वेने दोन-एकने सामना जिंकला. ७९व्या मिनिटाला घिगियाने निर्णायक गोल केला. पराभव अकरा जणांचा. लोकांच्या आठवणीत दोष मात्र चिकटला तो मुख्यत्वे बार्बोसा, बिगोडे व जुवेनाल या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंना. गिरणीत कापड बिघडले की दोष साचेवाल्याचा. सूत कसे होते, हे कोण विचारी? खेळाडूंचा पांढरा सदराही अपशकुनी ठरला. १९५४ साली पिवळा आला. गोलरक्षक बार्बोसा २००० साली वारला. ब्राझीलमध्ये जास्तीत जास्त शिक्षा तीस वर्षांची, आपण मात्र पन्नास वर्षे भोगतो आहोत, असे तो अखेरीस म्हणे.