घरी आलेला हृदयाचा आलेख

श्रोतेहो, जिल्ह्याच्या गावी एखादा माणूस छातीत धडधड होते म्हणून डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर त्याच्या छातीला चार-पाच तारा चिकटवतात, मुठीत मावेल एवढी एक डबी कमरेला बांधतात आणि म्हणतात, "आता घरी जा. रोजची कामे करा. उद्या याच वेळेला या." माणूस बुचकळ्यात पडतो. दुखणे काळजाचे आणि डॉक्टर म्हणतात कामे करा! या डबीला 'होल्टर' म्हणतात. हा होल्टर कोण आणि दवाखान्यातले यंत्र घरी का आले, याची हकीकत आज सांगायची आहे.

मनगटावर बोटे ठेवून नाडी पाहणे आपल्या वैद्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. छातीच्या आतले ऐकायचे तर मात्र छातीला कानच लावावा लागे. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक नावाच्या डॉक्टरापुढे एक तरुण रोगी स्त्री आली. तिच्या छातीला कान लावणे त्याला प्रशस्त वाटेना. त्याने कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवले आणि दुसऱ्या टोकाला कान दिला. ठोके पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू आले! आज प्रत्येक डॉक्टरच्या गळ्यात दिसणाऱ्या नळीचा हा जन्म. हृदयाबरोबर फुप्फुसांचे आवाजही तिने उकलून दाखवले.

पण ऐकलेला आवाज विरून जातो. तो कागदावर उतरायला हवा. हृदय आकुंचन पावते तेव्हा अगदी सूक्ष्म वीज निर्माण होते. हॉलंडमधील लायडन येथे आइन्थोव्हेन या प्राध्यापकाने विसाव्या शतकाच्या आरंभी ती वीज टिपणारे यंत्र बनवले. वजन किती म्हणाल, तर सुमारे २७० किलो! ते चालवायला पाच माणसे लागत आणि रोग्याला हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. एवढे अवजड धूड इस्पितळात नेणार कसे? १९०५ साली आइन्थोव्हेनने युक्ती केली. इस्पितळातल्या रोग्याच्या हृदयाची वीज टेलिफोनच्या तारेतून सुमारे दीड किलोमीटर दूर असलेल्या आपल्या प्रयोगशाळेत आणली आणि तिचा आलेख काढला. १९२४ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपण ज्याला 'ई.सी.जी.' किंवा 'कार्डिओग्राम' म्हणतो, तो हाच आलेख.

आता यातली अडचण पाहा. आपले हृदय मिनिटाला सत्तर ठोके देते असे धरले, तर दिवसाचे ठोके लाखावर जातात. दवाखान्यात काढलेल्या नेहमीच्या आलेखात साधारण दहा सेकंदांचे, म्हणजे दहाबारा ठोके उमटतात. तेही माणूस खाटेवर निवांत पडलेला असताना! त्याची धडधड तर विहिरीवरून पाणी ओढताना, चढ चढताना, नाहीतर मध्यरात्री होते. चोराने रात्री यायचे आणि पहारेकऱ्याने दुपारी गस्त घालायची, असा हा प्रकार. आलेख निर्दोष येतो आणि घरचे म्हणतात, "याला काही झालेले नाही, मनाचे खेळ आहेत."

हे कोडे सोडवले ते डॉक्टरने नव्हे, तर नॉर्मन जेफरिस होल्टर या पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकाने. हा अमेरिकेतील मोंटाना संस्थानातल्या हेलेना गावचा. माणूस हिंडत-फिरत असतानाच त्याच्या हृदयाचा आलेख मिळाला पाहिजे, हा त्याचा ध्यास. १९४० नंतरच्या दशकात त्याने जे यंत्र केले, ते पाठीवर बांधायचे होते आणि त्याचे वजन होते सुमारे ३८ किलो! गव्हाचे छोटे पोते पाठीवर घेऊन चालावे तसेच ते. त्यातून हृदयाचा आलेख रेडिओलहरींवरून दूर धाडला जाई. मंडळी, ज्या लहरींवरून माझा आवाज आपल्यापर्यंत येतो, त्याच जातीच्या लहरींवरून माणसाचे ठोके प्रवास करू लागले. पुढे होल्टरने यंत्र लहान लहान करत आणले, आलेख टेपवर साठवला आणि १९६१ साली आपली पद्धत 'सायन्स' या नियतकालिकात मांडली. पाठीवरचे ओझे कमरेच्या डबीवर आले.

फुप्फुसांचे काय? ती रक्ताला प्राणवायू पुरेसा देतात की नाही, हे बोटाला लावायच्या चिमट्यावरून समजते. याची मूळ कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी या अभियंत्याची. तो कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून रक्तातला रंग मोजत होता. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला मोजणी हले आणि काम बिघडे. तो वैतागण्याऐवजी विचार करू लागला की हे हलणे म्हणजे तर धमनीतले ताजे रक्त! मग तेच का मोजू नये? १९७४ साली त्याने ही पद्धत मांडली. २०२० साली करोनाच्या साथीत 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत आपल्या आशाताई हाच चिमटा घेऊन घरोघर गेल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आओयागी निवर्तले.

तथापि यंत्राला यंत्राच्या मर्यादा आहेत. निरोगी माणसाचा प्राणवायूचा आकडा साधारण ९५ ते १०० असतो. पण हात गार असले, नखांना रंग लावलेला असला, तर आकडा फसवू शकतो. गडद वर्णाच्या माणसांत चिमटा काही वेळा खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो, असे २०२० साली अमेरिकेतील अभ्यासात दिसून आले. आपल्या लोकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. दम लागला असेल, ओठ निळसर पडले असतील, तर आकडा चांगला आहे म्हणून घरी बसू नये. मनगटावरचे घड्याळही आता हृदयाचा आलेख काढते, पण झटका आला आहे की नाही, हे ते सांगू शकत नाही. छातीत कळ आली, घाम फुटला, तर घड्याळाकडे पाहत न बसता १०८ ला फोन करावा.

आणि होल्टर लावलेला असेल, तर एक गोष्ट कसोशीने पाळावी. पुष्कळजण यंत्र लावले म्हणून दिवसभर अंथरुणावर पडून राहतात. मग दवाखान्यातली खाट आणि घरची खाट यांत फरक तो काय राहिला? डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर नेहमीचे काम करावे. अंघोळ तेवढी त्यांना विचारून. आणि जवळ एक वही ठेवावी. किती वाजता पाणी भरले, किती वाजता जेवलो, धडधड कधी झाली, चक्कर कधी आली, हे सारे वेळेसह लिहावे. यंत्राला ठोका कळतो, पण त्या क्षणी आपण काय करत होतो ते कळत नाही. आलेख आणि वही शेजारी ठेवली, म्हणजेच डॉक्टरांना अर्थ लागतो. लिहिता येत नसेल, तर घरातल्या शाळकरी मुलाला हे काम सांगावे. घड्याळ पाहून नीट नोंद कशी करायची, तेवढे गुरुजींनी त्याला शिकवले म्हणजे झाले.