तळं एकाचं, बेडूक सगळ्यांचा

तुम्हाला एक प्रश्न विचारते. उद्या तुमच्या शेतातल्या तळ्यात एक दुर्मिळ बेडूक सापडला, तर तुम्ही ते कुणाला सांगाल का? लगेच 'हो' म्हणू नका. ही बातमी बाहेर गेली तर तळ्यातला गाळ काढायलाही सरकारची परवानगी लागेल, अशी धास्ती असेल तर माणूस गप्पच बसतो.

पर्यावरणाच्या इतिहासावर काम करताना हा पेच सारखा समोर येतो. प्राणी सगळ्यांचा, पण तो राहतो ती जमीन एकाची. मग त्याला सांभाळायचं कुणी? आज या पेचाचीच एक गोष्ट सांगते. स्थळ अमेरिकेतलं कॅलिफोर्निया, आणि नायक तिथला लाल पायांचा बेडूक.

१८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं तिकडे धावली. सॅन फ्रान्सिस्को बघता बघता शहर झालं, खानावळी आणि हॉटेलं निघाली. फ्रेंच पद्धतीच्या जेवणात बेडकाच्या तंगड्या हव्यातच! हा बेडूक अमेरिकेच्या पश्चिम भागातला सर्वांत मोठा देशी बेडूक, त्यामुळे पकडणाऱ्यांचा डोळा त्याच्यावरच गेला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात वर्षाला सुमारे ८०,००० बेडूक पकडले जात होते. त्यातही मोठे बेडूक आधी पकडले जात, आणि या जातीत माद्या नरांपेक्षा मोठ्या असतात. म्हणजे नेमक्या अंडी घालणाऱ्या माद्याच ताटात गेल्या.

देशी बेडूक कमी पडू लागला, पण गिऱ्हाईक तसंच होतं. मग १८९६ च्या सुमारास पूर्व अमेरिकेतला बुलफ्रॉग आणला गेला. हा आकाराने आणखी मोठा आणि तोंडात मावेल ते खाणारा. त्याने देशी बेडकाची पिल्लंही खाल्ली. थोडक्यात, एका चुकीवर उपाय म्हणून दुसरी चूक केली गेली, आणि ती पहिलीपेक्षा महाग पडली.

हे फक्त तिकडचंच आहे असं समजू नका. विसाव्या शतकात याच ताटांसाठी भारतातूनही बेडकांच्या तंगड्या युरोप-अमेरिकेला जात होत्या. बेडूक गेले तर पिकांवरच्या किडी कोण खाणार, हा मुद्दा पुढे आला आणि १९८७ मध्ये आपल्याकडून निर्यात बंद झाली. मागणी मात्र संपली नाही. व्यापार इंडोनेशियासारख्या देशांकडे सरकला.

परत कॅलिफोर्नियात येऊ. शेती आणि शहरांसाठी तिथल्या पाणथळ जागा बुजवल्या गेल्या, ओढे वळवले गेले. पण त्याच काळात टेकड्यांवर गुरं पाळणाऱ्यांनी पावसाचं पाणी अडवून छोटी छोटी तळी बांधली. ती बांधली गुरांसाठी, आसरा मात्र बेडकालाही मिळाला. आज या बेडकाच्या उरलेल्या जागांपैकी बऱ्याच अशा खाजगी तळ्यांत आहेत.

१९९६ मध्ये केंद्र सरकारने या बेडकाला संकटग्रस्त ठरवलं. तोवर त्याच्या मूळ प्रदेशापैकी सुमारे ७० टक्के भागातून तो नाहीसा झाला होता. संरक्षण मिळालं हे चांगलंच झालं, पण आता पशुपालकाची अडचण झाली. तळ्याचा बांध दुरुस्त करताना चुकून बेडूक मेला तर कायद्याचा भंग! मग दोन वाटा उरतात: तळं दुरुस्तच करायचं नाही, किंवा बेडूक आहे हे सांगायचंच नाही. दोन्हीकडून नुकसान बेडकाचंच, कारण ही तळी माणसाने बांधलेली आहेत. दर काही वर्षांनी गाळ काढला नाही तर ती भरून जातात.

माझ्या मते या इतिहासातलं खरं वळण इथे येतं. १९९९ मध्ये सरकारने 'सेफ हार्बर' धोरण पक्कं केलं. मालकाने आपणहून दुर्मिळ प्राण्यासाठी जागा सुधारली, तर त्याबद्दल त्याच्यावर जादा बंधनं घालणार नाही, अशी लेखी हमी त्यात होती. पुढे २००६ मध्ये खास या बेडकासाठी नियम आला आणि गुरं चारणं, तळ्याची देखभाल करणं अशा नेहमीच्या कामांना सूट मिळाली. हिशेब सरळ होता. दुरुस्तीत दोन-चार बेडूक दगावले तरी चालतील, पण पशुपालक कंटाळून जमीन बिल्डरला विकून बसला तर तळंही जाईल आणि सगळेच बेडूक जातील.

आता बुलफ्रॉगचं काय? इथे गुरांच्या तळ्याचा एक 'दोष' उपयोगी पडतो. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. देशी बेडूक हिवाळ्यात अंडी घालतो आणि त्याची शेपटीवाली पिल्लं, म्हणजे टॅडपोल, साधारण उन्हाळा संपेपर्यंत बेडूक होऊन बाहेर पडतात. बुलफ्रॉगच्या टॅडपोलना मात्र बऱ्याचदा एक अख्खा हिवाळा पाण्यात काढावा लागतो. म्हणून तळं शरद ऋतूत आटलं, किंवा मुद्दाम उपसलं, तर पाहुण्याची पिढी मरते आणि घरच्याची वाचते. बारमाही पाणी म्हणजे चांगलंच, हा आपला समज इथे उलटा ठरतो.

बेडूक परत आणण्याचे प्रयत्नही चालू आहेत. दक्षिण कॅलिफोर्नियातून तो जवळजवळ संपलाच होता. २०२० मध्ये मेक्सिकोतून त्याची अंडी आणून, बुलफ्रॉग काढून टाकलेल्या तळ्यांत सोडली गेली. तिथे आता त्याचा आवाज पुन्हा ऐकू येतो. पण अंडी सोडली की काम संपलं, असं नसतं. बुलफ्रॉग शेजारच्या तळ्यातून परत येतो, त्यामुळे दरवर्षी राखण करावी लागते. शेजाऱ्याने साथ दिली नाही तर आपली मेहनत पाण्यात.

म्हणून मला वाटतं, हा इतिहास जितका बेडकाचा तितकाच विश्वासाचा आहे. बाजाराने बेडूक संपवला. कायद्याने त्याला नाव आणि संरक्षण दिलं. तो टिकतोय मात्र तिथे, जिथे तळ्याच्या मालकाला 'माझ्याकडे बेडूक आहे' हे न घाबरता सांगता येतं.