पाऱ्याचा थेंब आणि निळीची शेती

१/ जुलै १८९७. जर्मनीतील बीएएसएफ कंपनीने कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली. तोवर जगाला नीळ पुरवणारा प्रमुख देश हिंदुस्थान होता. पुढील दोन दशकांत ही शेती कोलमडली. या उलथापालथीत पाऱ्याचाही वाटा होता.

२/ नीळ हे विषमचक्रीय संयुग आहे. तिच्या रेणूतील कड्यात कार्बनच्या जोडीला नायट्रोजनचा अणू असतो. बायर यांनी १८८० मध्ये ती प्रयोगशाळेत घडवली, १८८३ मध्ये तिची रचना मांडली. पण ही कृत्रिम नीळ शेतातल्या निळीहून फार महाग पडे.

३/ १८९० मध्ये झुरिकच्या ह्यूमन यांनी नवे मार्ग सुचवले. त्यांपैकी एक, पुढील सुधारणांसह, डांबरगोळ्यांच्या नॅप्थलीनपासून सुरू होई. अडचण पहिल्याच पायरीची होती: नॅप्थलीनपासून थॅलिक अनहायड्राइड स्वस्तात मिळेना.

४/ सांगतात ते असे, की झापर या रसायनज्ञाच्या प्रयोगात तापमापक फुटला आणि पारा तीव्र गंधकाम्लात सांडला. अभिक्रिया एकदम वेगावली. पाऱ्याचा क्षार उत्प्रेरक ठरला होता: काम घडवून आणणारा, पण स्वतः खर्ची न पडणारा.

५/ शेवटचा टप्पा म्हणजे अभिक्रियांची साखळीच. अल्कलीच्या तप्त रसात कडे जुळते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो, इंडॉक्सिल उरते. मग हवा लागताच त्याचे दोन रेणू जोडले जाऊन नीळ होते.

६/ हाच अखेरचा बदल हिंदुस्थानातील निळीच्या हौदांत शतकानुशतके घडत आला होता. महाराष्ट्रातील निळारी समाज पिढ्यान् पिढ्या याच रंगावर जगला. कला इथली होती. तिचे रसायनशास्त्र मात्र परदेशात उलगडले.

७/ १८९७ च्या सुमारास जगात सुमारे १९ हजार टन वनस्पतिजन्य नीळ निघे. १९१४ पर्यंत ती सुमारे हजार टनांवर आली. चंपारणच्या मळेवाल्यांनी या तोट्याचा भार वाढीव खंडाच्या रूपाने कुळांवर लादला. १९१७ चा सत्याग्रह समजून घेताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही.

८/ १ ऑक्टोबर १९३३ रोजी गिरण्यांच्या मुंबईत विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. के. वेंकटरामन १९३८ मध्ये त्याचे पहिले भारतीय संचालक झाले. कृत्रिम रंगांवरील त्यांचा ग्रंथ १९५२ मध्ये निघाला आणि जगभर अभ्यासला गेला. पुढे त्यांनी व त्यांच्यानंतर बी. डी. टिळक यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची धुरा वाहिली.

९/ आज पॅलेडियम, तांबे यांसारखे धातू एकाच भांड्यात अशा साखळ्या घडवून औषधांची कडी जुळवतात. उत्प्रेरक एखादी पायरी स्वस्त करतो. त्या स्वस्ताईची किंमत कोण मोजतो, हे मात्र इतिहासालाच विचारावे लागते.